थर्माकोलची माहेरं

मूर्तिजापूरच्या स्टेशनावर आई रडेल म्हणून मी रुमाल हातातच ठेवला होता. ती रडली नाही. गाडी सुटेपर्यंत तिच्या सूचनाच चालू होत्या. "तिकडं पानी बम पडते म्हन्तेत. पापड कोरड्या डब्यात ठेवजो. अन् कोनाशी भांडू नको, तुहं डोकं लवकर तापते." बाबा खिडकीचे गज धरून एवढंच म्हणाले, "एक वर्ष पाहून घे. नाई जमलं तं दोघंही वापस या." शेजारी बसलेले आमचे हे मान डोलवत होते. वर्षभरात मला पुण्याकडे करमलं नाही तर अकोल्याला नोकरी बघीन, असा शब्द त्यांनी लग्नाच्या बोलणीतच दिला होता. १९९९ सालच्या जूनमध्ये तो शब्द पदराला बांधून मी निघाले. रुमाल शेवटी मलाच लागला.

कुंदा, शोभा, शाळेतल्या माझ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. कुंदा अजून तिथेच, तालुक्याला. शोभा तर थेट मस्कतला जाऊन बसली. तुम्ही दोघी फोनवर दरवेळी एकच विचारता, "तुले तिकडं करमते का?" त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, कारण त्यात थर्माकोल येतो.

पुण्याकडे म्हणजे पुण्यात नव्हे. यांचा कारखाना पिरंगुटला आणि आमची खोली शेजारच्या भरे गावात. पत्र्याची तीन खोल्यांची चाळ, तिच्यातली कडेची आमची. मालकीण हौसाकाकू. शेतात काम करून आवाज असा कमावलेला, की त्या घरात बोलल्या तरी बांधावरच्या माणसाने ओ द्यावी. त्यांनी माझं स्वागत केलं ते असं: "पानी सकाळी येतं, येकदाच येतं. मागनं बोंबलायचं न्हाई." मला त्या बिलकूल आवडल्या नाहीत.

जुलैत पाऊस लागला तो लागलाच. पत्र्यावर असा आवाज, की स्वतःशी बोललेलंही ऐकू येईना. कपडे वाळत नव्हते, पापडांना आईने सांगूनही बुरशी आली, आणि मी दिवसभर भिंतींकडे बघत बसायची. माझी दया येऊन यांनी कारखान्यात विचारून पॅकिंगच्या थर्माकोलचे तुकडे आणायला सुरुवात केली. शाळेच्या प्रदर्शनात माझी घरं दरवर्षी टेबलाच्या मधोमध असायची, हे मी लग्नानंतर यांना चार वेळा तरी सांगितलं होतं, त्याचा हा परिणाम. जुनी सुरी गॅसवर तापवून मी भिंती कापल्या. पेटत्या उदबत्तीने खिडक्या पाडल्या, तिचा चटका लागला की थर्माकोल आपोआप मागे सरतो. फाटक्या गादीतला फोम कुस्करून हिरव्या रंगात बुडवला, त्याची झाडं केली. चहाचा चोथा वाळवून अंगणात पसरला, कणकेची खळ करून सगळं चिकटवलं. खोलीत पहिल्यांदा माझं मन लागलं.

काकू भाडं मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आगं, ह्ये तर झ्याक हाय. आमच्या गवरीपुढं मांड की ह्या टायमाला." आपल्याकडच्या महालक्ष्म्यांना इकडे गवरी म्हणतात. आपल्याकडे मान सोळा भाज्यांचा आणि आंबिलीचा. इथे गवरीपुढे देखावाही करतात, आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका तो न्याहाळून बघतात. मी महिनाभर खपले आणि एक अख्खं गाव मांडलं. सगळं मनासारखं उतरलं होतं.

पहिलीच बाई वाकली आणि म्हणाली, "ह्या घरास्नी छप्पर घालायचं ऱ्हायलं व्हय?" दुसरी म्हणाली, "आगं, छप्पर हाय, पर सपाट हाय. आपल्या हितं आसलं घर आखाडातच खाली बसल." सगळ्या हसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. हात चालत गेले आणि मी मूर्तिजापूरजवळचं आपलं गाव केलं होतं. धाब्याची सपाट मातीची घरं, त्यांच्यावर पांढरी माती, वर चढायला शिडी, आणि रात्री निजायला धाब्यावर टाकलेल्या बाजा. इकडे मुळशी तालुक्याच्या पावसात कौलं उतरती नसतील तर माणूस जगत नाही, हे दोन महिने तोच पाऊस बघूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. गाव म्हटलं की मला तेच दिसायचं.

माझं डोकं तापलं. आईने बजावलेलं आठवलं, म्हणून भांडले नाही; खोलीत येऊन कडी लावली आणि पेटी भरायला घेतली. हे कामावरून आले तेव्हा साड्या भरून झाल्या होत्या. म्हटलं, वर्षाची वाट नाही बघायची, आपण जायचं. यांनी वाद घातला नाही. शब्द दिला होता ना. गुपचूप स्वतःचे शर्ट दोरीवरून काढायला लागले, आणि ते बघून मला आणखीच रडू आलं.

तेवढ्यात दारावर काकूंची थाप पडली. "दार उघड, ज्योते. बाया इचारत्यात, ह्ये गाव कुटलं. मला काय सांगता येत न्हाई. तूच ईऊन सांग." माफी नाही, समजूत नाही. मी डोळे पुसून गेले, कारण नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. गवरीसमोर बायकांचा गराडा होता. काकू कमरेवर हात ठेवून त्यांना म्हणाल्या, "मला सांगा, गवर कुटं येती? सासरी का म्हायेरी?"

"म्हायेरी," बायका म्हणाल्या.

"मंग ह्ये म्हायेर हाय. ह्या पोरीचं हाय. म्हायेराचं छप्पर कसं आसावं, ह्ये दुसऱ्यानं सांगायचं नसतं."

मग बायका मला विचारत सुटल्या. बाजेवर कोण निजतं, पाऊस आल्यावर काय करता, ते कडुनिंबाचं झाड खरंच एवढं मोठं आहे का. मी बोलत राहिले. त्या गावात आल्यापासून एवढं बोलले नव्हते. घरी आले तर यांनी शर्ट पुन्हा दोरीवर टाकले होते. पेटी त्या दिवशी रिकामी केली नाही, पण पलंगाखाली सरकवली.

पुढच्या वर्षी श्रावणातच काकूंची सून अलका खोलीवर आली. "ज्योतीताई, ह्या साली माजं म्हायेर करा." तिचं माहेर घोटावडे. मी हसले, घोटावडं काय लांब आहे का? ती चिडून म्हणाली, "लांब न्हाई म्हून काय आई रोज दिसतीया व्हय?" मग मी कौलारू घर केलं, आणि तिची एक विहीर. ती विहीर बुजवून तिथे कंपनीची भिंत आली होती, म्हणून ती अगदी जिथल्या तिथे हवी होती. त्याच्या पुढच्या साली काकूंच्या शेतात कामाला येणाऱ्या रखमाचं, वर डोंगरातलं, कारवीच्या काठ्यांच्या कुडाचं. खराट्याच्या काड्या उभ्या लावून मी कूड केला. रखमा गवरीपुढे किती तरी वेळ उकिडवी बसली. मग ताटातला तांदळाचा एक दाणा उचलून तिने त्या घराच्या दारात ठेवला. "आय हितं बसती," म्हणाली.

असं एकेक करता गावातल्या निम्म्या बायकांची माहेरं माझ्या हातून झाली. तेव्हा कळलं, की गाव सोडून आलेली मी एकटी नव्हे. तिथली प्रत्येक सून कुठून तरी आलेली होती, फक्त त्यांना कुणी वर्षाची मुदत दिली नव्हती. आमचं वर्ष कधी संपलं, हे यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

मध्येच एकदा आईचा फोन आला, की धाबं पाडून स्लॅब टाकला. मी फोनवरच रडले. आई म्हणाली, "रडतं काय? दरसाल वर चढून माती कोन टाकत होतं? तू काय? आता गळत नाई, बरं हाय बाप्पा." आपण निघून आलेल्यांना जुनं घर जसंच्या तसं हवं असतं, आणि गळतं ते राहणाऱ्यांच्या डोक्यावर.

२०१० मध्ये आम्ही पिरंगुटला स्वतःचा फ्लॅट घेतला. टेम्पो भरला तरी काकू बाहेर आल्या नाहीत. आतूनच ओरडल्या, "दोन कोसावर तर चाललीस, त्याला काय वटीवर उभं ऱ्हायाचं?" मूर्तिजापूरला रडले नसेन एवढी मी त्या टेम्पोत रडले. त्या साली गवरींच्या आधी अलकाचा निरोप आला: सासूबाई म्हणतात, यंदा देखावा करू नका, नुसतं हळदीकुंकवाला या. मला झोंबलं. खोली सोडली तर लगेच मानही काढून घेतला, असं वाटलं. जाणारच नव्हते. यांनी ढकललं म्हणून तोंड पाडून गेले.

गवरीपुढे तीन खोल्यांची चाळ होती. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून छप्पर केलेलं, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवतात तसे खडे. कडेच्या खोलीचं दार निळं, माझं होतं तसं. दोरीवर चिंध्यांचे शर्ट. आणि एका बाजूची भिंत अर्धी विरघळून आत बसलेली. अलका म्हणाली, "कुनाला हात लावू दिला न्हाई त्येंनी." काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "फाटकाचा आईलपेंट उरला हुता, त्यो मारला. रंगानं भिताडच खाल्लं. तुला इचाराया पायजे हुतं, पर तुला कसं इचारनार?"

एका नव्या सुनेने विचारलं, हे माहेर कुणाचं.

"हिचं," काकू म्हणाल्या. "हितनं दिली न्हवं आमी तिला."

गवरी बोळवल्या त्या दिवशी काकूंनी माझीही ओटी भरली आणि ती चाळ माझ्या हातात दिली. मी सिटीबसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले, पत्र्यावरचे खडे पडू नयेत म्हणून वरून हात धरून. कंडक्टर आला आणि वाकून बघायला लागला. "ताई, काय हाय ह्ये?"

"म्हायेर हाय," मी म्हटलं.

त्याने तिकीट एकाचंच फाडलं, सामानाचं नाही, आणि पुढे सरकला.