शुक्रवारचा दिवा

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त पाळक राहायचे. जन्मानं यहूदी, अलिबागकडच्या तेल्याच्या घरातले. तरुणपणी येशूचे झाले तेव्हा वडिलांनी जिवंतपणीच त्यांचं सुतक पाळलं. आईनं मात्र निघताना शपथ घातली, "कुठंही जा, शुक्रवारी संध्याकाळी आपल्या शब्बाथाचा दिवा लाव." पुढं ते मद्रासेत धर्मशास्त्र शिकवायला आले, केस पिकले, बायको वारली, पण दिवा चुकला नाही.

मी तंजावरकडची मराठी, बँकेत कामाला. त्यांच्या पुस्तकाची पक्की प्रत मी लिहून देत असे. त्यात त्यांचं म्हणणं एकच होतं: येशू जन्मभर यहूदीच होता, मग त्याच्या मागं जाणाऱ्यानं आपलं यहूदीपण का टाकावं? सांगता सांगता मध्येच थांबून ते मला चिडवायचे, "हा शब्द तुझ्या पणजीनंतर कुणी वापरला नाही गं!"

"पणजीला चालला, तुमच्या देवाला चालेल की, काका," मी म्हणायची.

पाळकाच्या घरच्या या यहूदी दिव्याची कुणकुण चर्चमध्ये लागली. चर्चचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना तिथं 'वडील' म्हणत; त्यांतले सर्वांत कडक वडील चौकशीला यायचे ठरले, तेही नेमके शुक्रवारी तिन्हीसांजेला. मला काळजी वाटली. काकांचं रविवारचं प्रवचन बंद झालं असतं. काका मात्र मजेत होते. म्हणाले, "तू कॉफी कर. घाबरू नकोस."

वडील आले, ताठ बसले. "अय्या, तुम्ही नक्की कोण? यहूदी की ख्रिस्ती?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं; 'अय्या' म्हणजे आपल्याकडचं 'महाराज'.

"येशूला विचारलंत तर तो काय सांगेल?" काकांनी उलट विचारलं.

वडील उत्तर जुळवत होते, तेवढ्यात काका "आलो हं" म्हणून आत गेले आणि पंखा थांबला. खोलीत अंधार झाला. काका चाचपडत परतले.

"अय्यो, करंट गेला!" वडील म्हणाले. "अय्या, काहीतरी लावा ना."

"आपली आज्ञा असेल तर लावतो," काका अगदी नम्रपणे म्हणाले.

"लावा, लावा!"

काकांनी तेलाचा दिवा लावला, डोळे झाकून हिब्रूत प्रार्थना पुटपुटली. मी ओठ चावून कॉफीचे टंबलर पुढं केले. वडील दिव्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. समोरच्या घरात ट्यूबलाईट झगझगत होती.

"तिथं करंट आहे," ते सावकाश म्हणाले.

"आमचा फ्यूज जुना आहे, माझ्यासारखा," काका म्हणाले. पण त्यांच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला होता आणि त्यातून फ्यूजचं पांढरं टोक डोकावत होतं. वडिलांनी ते पाहिलं. आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण ते इतके हसले की कॉफी त्यांच्या वेष्टीवर, नेसलेल्या पांढऱ्या धोतरावर सांडली.

हसणं ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "हा दिवा लावायला कुणी शिकवलं?"

"आईनं."

"ती ख्रिस्ती झाली?"

"नाही. मला माफसुद्धा केलं की नाही, कळलं नाही."

रविवारी वडिलांनी चर्चमध्ये जमलेल्या मंडळीला सांगितलं, "दिवा मीच लावायला सांगितला." त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि पुढं कुणाला विचारायलाही जागा उरली नाही. प्रवचन चालू राहिलं.

पुस्तक छापून झालं. मद्रासेत ते वाचणारे आम्ही चारदोन मराठी लोक. वडील मात्र दर आठवड्याला येऊन काकांकडून एकेक प्रकरण तमिळमध्ये समजावून घ्यायचे आणि प्रत्येक पानावर कडाडून भांडायचे.