एका होडीची वाटणी

मला पोहता येत नाही. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बाईला पोहता येत नाही हे ऐकून लोक हसतात, आणि मग मला राग येतो. माझं लहानपण केडगावात गेलं. तिथं नळाला पाणी येईल तेव्हा हंडे भरून ठेवायचे, पोहायचं कशात? वडिलांचं पुणे रस्त्याला वर्कशॉप होतं. शेतातले पंप दुरुस्त करता करता ते धरणांवरच्या होड्यांची मशीनं दुरुस्त करू लागले, आणि त्यांच्या हाताखाली मीही शिकले. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं जे मशीन असतं, आउटबोर्ड म्हणतात ते, त्यातली जुनी, दोरी ओढून सुरू होणारी मशीनं आता माझ्याशिवाय आमच्या भागात फारसं कुणी उघडत नाही.

हल्ली त्या जुन्या मशीनांना भाव आलाय. फार्महाउसवाले, रिसॉर्टवाले शोधत फिरतात. मी मशीन बघून किंमत सांगते आणि होडीला बसवूनही देते. माझी जीभ तिखट आहे, आणि या धंद्यात त्याचा उपयोगच होतो. इतकी फटकळ बाई उगाच गोड बोलून फसवणार नाही, असं लोकांना वाटत असावं.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी मला अकोले तालुक्यातून फोन आला. भंडारदऱ्याच्या बॅकवॉटरला लागून एक गाव आहे, तिथल्या एका शेतकऱ्याला जुन्या मशीनची किंमत हवी होती. तो फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा आला. त्याच गावातून, जुन्या लाकडी होडीची किंमत करायची म्हणून. दोघांनीही बजावलं की गावात कुणाला यातलं कळता कामा नये. मी जागेवर पोचले तेव्हा दोघेही काठावर उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. ते सख्खे भाऊ होते.

त्यांचे वडील त्या होडीतून पलीकडच्या वाडीची माणसं ने-आण करायचे. वडील गेल्यावर वाटणी झाली. भाताची खाचरं झाली, जनावरं झाली, भांडीकुंडी झाली, आणि शेवटी होडी उरली. दोघांनाही ती हवी होती. मग पंचांनी आपली अक्कल चालवली. होडी थोरल्याला दिली आणि मशीन धाकट्याला. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. थोरल्यानं होडी पडवीत पालथी घालून जपली, दर दिवाळीला तिला तेल पाजलं. धाकट्यानं मशीन गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. खंडेनवमीला एक जण होडीला फूल वाहायचा, दुसरा मशीनला.

आता धरणाजवळच्या एका रिसॉर्टवाल्याला ती जोडी हवी होती. तो घेणार तर दोन्ही, आणि पाण्यावर चालताना बघून. यातला होडीचा हिस्सा किती आणि मशीनचा किती, हे मी सांगायचं होतं. माझा शब्द मानायला दोघे तयार होते, कारण एकमेकांचा शब्द दोघांनाही मानायचा नव्हता.

मशीन बघून माझा जीव हरखला. प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि दोरी ओढली, तर आतल्या दाबानं अंगठा उडालाच. आतल्या एकाही भागाला परका हात लागलेला नव्हता. मशीन गार ठेवायला पाणी खेचणारं रबर तेवढं वाळून कडक झालं होतं, ते मी बदलणार होते. होडीचं मात्र तसं नव्हतं. साग अस्सल होता, पण इतकी वर्षं कोरड्यात राहून फळ्या आकसल्या होत्या. आडवी करून बघितली तर फटींतून पलीकडचं ऊन दिसत होतं.

"तुम्ही जपून जपून वाट लावलीत हिची," मी थोरल्याला म्हणाले. तो गोरामोरा झाला. मग मी त्याला समजावून सांगितलं. होडी काठाला उथळ पाण्यात ठेवायची. आठवडाभर, रात्रंदिवस. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. मधे बाहेर काढलीत तर सगळं मुसळ केरात.

पुढच्या रविवारी मी परत गेले, तेव्हा होडी काठाला पाण्यात होती. फळ्या ओल्या, काळ्याशार दिसत होत्या.

"आठवडाभर पाण्यातच होती ना?"

"व्हय ताई. पाण्यातच हाय," थोरला म्हणाला. त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, पण तो तसाही कुणाकडे बघत नसे.

मशीन बसवताना पहिला खटका उडाला. असलं मशीन मी नुसत्या पकडीवर सोडत नाही. मागच्या फळीला भोकं पाडून दोन बोल्ट घालते, म्हणजे पकड सुटली तरी मशीन पाण्यात जात नाही.

"त्याला सांगा, माज्या फळीला भोक पडायचं न्हाई," थोरला मला म्हणाला. धाकटा हाताच्या अंतरावर उभा होता.

"त्याला सांगा, माजं मशिनबी बोल्टनं बांदून घ्यायचं न्हाई," धाकटा मला म्हणाला.

सकाळपासून हेच चाललं होतं. ह्याला सांगा, त्याला सांगा. डोकं भणभणलं, पण रिसॉर्टवाला काठावर खुर्ची टाकून बसला होता म्हणून मी गप्प बसले. पकडीचे दोन्ही स्क्रू जीव लावून आवळले, खाली लाकडाचा तुकडा घालून उंची जमवली. पंखा होडीच्या तळाखाली नेमका यायला हवा. वर राहिला तर नुसता फेस करतो, फार खाली गेला तर होडी जड होते. सगळं मनासारखं बसलं. फेरी मारायला एक माणूस पुरे होता, पण मशीनवर धाकट्याशिवाय कुणी बसायचं नव्हतं आणि होडीत थोरल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नव्हता. मशीनचा आवाज ऐकायला मला जावंच लागणार होतं. मी बरोबर नेलेलं लाइफ जॅकेट घट्ट बांधलं. थोरल्याला दिलेलं त्यानं बुडाखाली घेतलं.

तिसऱ्या हिसक्याला मशीन लागलं. तो आवाज ऐकून धाकट्याचे डोळे भरून आले, आणि थोरल्यानं मान दुसरीकडे फिरवली. मलाही वडिलांची आठवण झाली. पाण्यावर ऊन होतं, समोर रतनगड स्वच्छ दिसत होता. मनातल्या मनात मी हिशेब मांडू लागले होते की यात मशीनचा वाटा मोठा धरावा लागेल आणि थोरल्याला ते कसं सांगायचं.

काठ चांगलाच मागे पडला आणि माझ्या चपला भिजल्या.

आधी वाटलं, बाहेरून उडालेलं पाणी असेल. मग फळ्यांकडे बघितलं. एका फटीतून नाही, चार-पाच फटींतून पाणी आत झरत होतं, आणि मशीनच्या प्रत्येक थरथरीला त्या फटी जास्त उघडत होत्या. आठवडाभर भिजलेलं लाकूड असं वागत नाही.

"खरं सांगा," मी थोरल्याच्या कानाशी ओरडले. "रात्रीची पाण्यात होती का ही?"

 पाणी घोट्याला लागलं तेव्हा त्यानं सांगितलं. दिवसभर होडी पाण्यात असायची. अंधार पडला की मेव्हण्याला हाताशी घेऊन तो ती बैलांकरवी ओढत घरी पडवीत न्यायचा आणि साखळीनं खांबाला बांधायचा. दिवसा फुगलेलं लाकूड रोज रात्री पुन्हा वाळत होतं.

"ह्याचं घर काठालाच हाय. रातीतून मशिन लावून होडी न्हेली असती तर?"

मशीनच्या आवाजातही धाकट्याला ते ऐकू गेलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "त्याला सांगा," तो मला म्हणाला, "मी चोर न्हाई." आणि त्यानं होडी काठाकडे वळवून मशीन पूर्ण वेगात सोडलं.

तेच करायला नको होतं. वेग वाढला तशी होडीची मागची बाजू खाली बसली, आतलं सगळं पाणी धावत मागे आलं आणि मागची फळी पाण्याला टेकायला आली. ती एकदा पाण्याखाली गेली की मशीनच आम्हाला तळाला ओढून नेणार. मला ते सगळं कळत होतं. एवढंच सांगायचं होतं, कमी कर.

"त्याला सांगा, कमी कर म्हनावं!" थोरला माझा दंड धरून म्हणाला.

मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही.  दिवसभर दोघांची बोलणी पोचवणारी मी, त्या वेळी माझ्याकडून एक शब्द निघेना. थोरला माझ्या तोंडाकडे बघत होता. फळीवरून पहिली लाट आत आली, आणि मी डोळे मिटले.

"बारक्या! कमी कर!"

मशीन त्याच क्षणी हळू झालं. धाकट्यानं विचारसुद्धा केला नसावा, हातच वळला असणार. होडीनं नाक खाली घेतलं आणि मागची फळी पाण्याच्या वर आली.

"दादा, म्होरल्या फळीला बघ. बाप चिंध्या कोंबायचा तिथं."

थोरल्यानं खांद्यावरचं उपरणं काढून पुढच्या मोठ्या फटीत कोंबलं आणि वर पाय दाबून उभा राहिला. तेलाचा डबा रिकामा करून मी पाणी उपसायला घेतलं.  मशीन खोकत होतं, मधेच दबत होतं, आणि प्रत्येक वेळी मी आणखी जोरानं उपसत होते. काठावरची माणसं दिसायला लागली, पण ती जवळ येत आहेत असं काही वाटेना. धाकटा थोरल्याच्या पायाकडे बघून मशीन कमी-जास्त करत होता, आणि थोरला त्याला हातानं खुणा करत होता. शेवटी पंखा गाळात फिरला, धाकट्यानं मशीन बंद केलं आणि होडी चिखलात बसली. मी उतरले ती थेट ओल्या गाळात फतकल मारून बसले. मला रडू येत होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी तोंडावर पाणी मारत राहिले.

रिसॉर्टवाल्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. होडी गळते हे त्यानं बघितलं, ती गळायची थांबली की फोन करा म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

थोरला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "ताई, मग वाटा कसा पडतो? त्याला सांगा, मशिन कितीला..."

माझं डोकं फिरलं.

"मी कुणालाही काही सांगणार नाही," मी म्हणाले. "मघाशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून आपण जिवंत आहोत. किंमत मी एकच सांगेन, जोडीची, आणि ती चांगली येईल. वेगळी केलीत तर होडी म्हणजे सरपण आणि मशीन म्हणजे भंगार. त्यातलं कुणाचं किती, ते तुमचं तुम्ही बोला. मी काही पंच नाही."

 मी हत्यारं पुसून पिशवीत भरायला लागले. धाकटा होडीच्या मागे जाऊन मशीन उतरवायला लागला, घरी न्यायला. माळ्यावरची गोधडी त्यानं सकाळीच आणून दगडावर ठेवली होती. थोरल्यानं गवतात पडलेली साखळी उचलली, होडी बांधायची ती. ती हातात घेऊन तो बराच वेळ तिथंच उभा होता. मी मुद्दाम पिशवीतच बघत राहिले.

"आता आठवडाभर पान्यातच ऱ्हायला पायजे," तो म्हणाला. माझ्याशी बोलतोय असं मला वाटलं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. "रातीचंबी."

"व्हय," धाकटा म्हणाला.

"माजं घर लांब पडतं."

"व्हय."

थोरल्यानं साखळी खाली ठेवली. "तू बघशील?"

 पकडीचा एक स्क्रू धाकट्याचा सोडवून झाला होता आणि दुसऱ्यावर हात होता. तो थांबला. मग त्यानं सोडवलेला स्क्रू पुन्हा आवळला.