गाठीभोवतीचा बिब्बा

किमोचा दुसरा डोस झाला आणि नुसतं कुशीवर वळायचं म्हटलं तरी जिवावर यायला लागलं. तोंडाला चव नाही, डोक्यावर केस नाहीत, आणि भेटायला येईल तो एकच सांगणार, "धीर धर." धीर काय बाजारात मिळतो? मी शाळेत पोरं सांभाळणारी बाई, पण त्या दिवसांत कुणी दोन शब्द बोललं तरी अंगावर जायची.

छातीतली गाठ आधी औषधाने लहान करायची, मग ऑपरेशन, असं ठरलं होतं. औषध लागू पडतंय का ते बघायला कोल्हापूरच्या दवाखान्यात नवं यंत्र आलं होतं. दिसायला सोनोग्राफीसारखंच, फक्त छातीवर फिरवायच्या त्या मुठीच्या तोंडाला बारीक लाल दिवे. सोनोग्राफीनं गाठ कुठं नि केवढी ते कळायचं, उजेडानं तिच्यात रक्त किती खेळतंय ते. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "गाठ आकसायला वेळ लागतो. पण औषध लागलं, तर तिचं रक्त आधी कमी होतं." म्हणजे घर उभं दिसलं तरी आत चूल पेटतीय का, ते बघायचं. पेटलेलीच असली तर हे औषध थांबवून सरळ ऑपरेशन करायचं, असं त्यांचं म्हणणं.

खरं सांगते, मला ते औषध न लागलेलंच हवं होतं. सुटले असते त्या सुयांतून. पुढचं पुढं. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

तपासणी दोन दिवसांवर आली होती. दुपारी तापाच्या ग्लानीत पडले होते, तेव्हा सासूबाईंनी आपला इलाज केला. बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला, आणि सुटलेल्या तेलाचे ठिपके माझ्या गाठीभोवती गोल दिले. गुडघा धरो, पाठ धरो, त्यांचं औषध एकच. चटक्यानं मी जागी झाले तोवर काम आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी बिब्बा उतला. फोड आले, आग आग झाली.

नवरा म्हशींच्या धारांत अडकलेला, म्हणून राधानगरीहून एसटीनं आम्ही दोघीच गेलो. डॉक्टरबाईंनी पदर बाजूला केला आणि थबकल्याच. "हे काय लावलंय?"

"बिब्बा हाय की!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "सूज वडून घेतोय त्यो."

बाईंनी यंत्र खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. "काळ्या डागात उजेड अडकतो, आजी. आणि फोडांकडं रक्त धावून आलंय. आज यंत्र जे दाखवील ते फोडांचं असेल, गाठीचं नाही." जखमा सुकेपर्यंत तपासणी नाही आणि पुढचा डोसही नाही.

परतीच्या एसटीत मी सासूबाईंवर तुटून पडले. "आत्याबाई, अक्कल काय गहाण टाकली होती? तिकडं मोठमोठी यंत्रं लावून बसलेत, आणि तुम्ही सुई-दिवा घेऊन!" अख्खी गाडी मागं वळून बघत होती. एरवी कंडक्टरलाही बोलू न देणारी ही बाई घर येईपर्यंत गप्प बसली. मला दया वगैरे काही आली नाही. मी नुसती दमले होते.

फोड सुकले, खपल्या पडल्या, तेव्हा पुन्हा गेलो. या खेपेला बाईंनी यंत्र सावकाश फिरवलं. किमोच्या आधी याच यंत्रानं घेतलेलं चित्र बाहेर काढलं, नवं त्याच्या शेजारी धरलं, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"गाठ जवळजवळ तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "पण रक्त पुष्कळ कमी झालंय. औषध लागू पडतंय. आता सगळे डोस पुरे करायचे."

सासूबाईंनी यंत्रालाच हात जोडले. मला रडू फुटलं. बाईंना वाटलं आनंदानं रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बाहेर बाकावर बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता का रडतीस? चांगलं सांगितलं न्हवं बाईनं?"

"मला नको होतं चांगलं!" मी म्हटलं. "लागत नाही म्हणतील आणि सोडतील, असं वाटत होतं. सगळे डोस म्हणे! मी दमले, आत्याबाई. मला आता नको."

वाटलं, आता तोंड सोडतील. त्यांनी माझ्या डोक्यावरचा सरकलेला रुमाल नीट बांधला.

"दमलीस तर दम की. पडून ऱ्हा. शिव्या घाल मला," त्या म्हणाल्या. "पर नगं म्हणू नगंस." आणि माझ्याकडं न बघता, "तू न्हाईस, तर माझ्यावर वरडाय घरात दुसरं कोण हाय?"

मग पुढच्या डोसची तारीख विचारायला मीच उठून आत गेले.