पॉम्पेईत मेंदी होती का?

मी भूगोलाचा मास्तर. जिन, भूत, आत्मा... घरात कुणी ताईत बांधला तरी मी वाद घालायचो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

लातूरला एका क्लासमध्ये मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवायचो. भूकंपाला तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. त्यात माझी मोठी बहीण, शाहीन आपा, तिच्या सासरी औशाकडच्या खेड्यात नवऱ्यासकट ढिगाऱ्याखाली गेली. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, नांदेडला आमच्या घरी माझी मंगनी होती. मुलगी मी आपाला न विचारता पसंत केली, म्हणून ती रुसलेली. ‘मी येणार नाही,’ एवढाच निरोप पाठवला होता. गुरुवारी पहाटे घर कोसळलं. मी पोचेपर्यंत दफनसुद्धा झालं होतं. ती रागातच गेली, असं मी धरून चाललो... पुन्हा त्या गावाला गेलो नाही.

त्या दुपारी विषय होता ज्वालामुखी आणि मनुष्यहानी. नोट्स सांगत होतो – पॉम्पेईत लोक राखेखाली गाडले गेले, देहांच्या जागी पोकळ्या उरल्या. पेले ज्वालामुखीच्या तापलेल्या ढगानं अख्खं शहर मिनिटांत संपवलं. क्राकाटोआत माणसं लाटांनी नेली. तांबोरानंतर उपासमारीनं मेली. तेवढ्यात धर्माबादच्या एका मुलीनं हात वर केला.

“सर, पॉम्पेईत मेंदी होती का?”

“मेंदी? कुठून काढलंस?”

“तुम्हीच आत्ता सांगितलं की!”

तिची वही घेतली. पॉम्पेईच्या खाली लिहिलं होतं – ‘एक बाई हाताला मेंदी लावून, वर फडकं गुंडाळून झोपली होती. सकाळी तिला भावाच्या मंगनीला निघायचं होतं.’

शेजारच्या मुलाच्या वहीतही तेच. मागच्या बाकावरही. चार वह्या बघितल्या, मग माझ्याच्यानं बघवेना. मी हे बोललो नव्हतो... निदान मला तरी आठवत नव्हतं.

रविवारी त्या गावाला गेलो. गाव आता नव्या जागी वसलेलं, विचारत विचारत गेलो तेव्हा पत्र्याखाली बसलेल्या कमलमावशी सापडल्या. आपाच्या शेजारीण. भूकंपात पाय मोडून त्या तेव्हा सोलापूरला दवाखान्यात होत्या, त्यामुळे भूकंपानंतर आमची गाठ कधी पडलीच नव्हती.

“मावशी, आपानं त्या रात्री मेंदी लावली होती?”

“तुला कुनी सांगितलं? म्याच लावली, बाबा. चादरीला लागू नये म्हनून फडकंबी म्याच बांधलं.”

“कशासाठी?”

“तुझ्या मंगनीला! म्हनली, रुसले तरी भाव हाय माझा. सकाळच्या यस्टीनं जाते, अचानक दारात हुबी ऱ्हाते. बघू कसा बोलत न्हाई ते.”

मला रडू आवरेना. मावशी पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “लई हसत व्हती रे त्या दिशी.”

माझी बायको म्हणते, कधीतरी कुणाकडून ऐकलं असशील, मनात राहिलं असेल. पण कुणाकडून? घरातल्या प्रत्येकाला विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगू, आता मी उत्तर शोधतही नाही. फक्त नांदेडच्या त्याच घराचं दार वाजलं की आजही मी सगळ्यांच्या आधी उठतो.