यादीतलं शेवटचं काम

आमच्या घरात जे यादीत नाही ते होत नाही. यादी फ्रिजवर असते, मी लिहिते आणि नियमही माझाच: ज्याला वेळ असेल त्याने काम करावं, पुढे बरोबरची खूण करावी आणि काय झालं ते एका ओळीत लिहावं. हा नियम मी लग्नानंतर चौथ्या वर्षी केला आणि त्याचा मला फार अभिमान होता.

त्या उन्हाळ्यात मी एक मराठी मालिका पाहत होते. तेरा भागांची. तालुक्याच्या गावातली एक शिक्षिका शाळेतून निघते आणि घरी पोचतच नाही. पाहत होते म्हणजे काय, तर पहिला भाग तीन बैठकांत, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात. पुढचे दहा मुलीच्या क्लासबाहेर, गाडीत, फोन स्टिअरिंगला टेकवून. मागून ई-रिक्षावाले हॉर्न वाजवत असल्यामुळे पोलिसांचे निम्मे संवाद मी ओठांवरूनच समजून घेतले. असे पाच आठवड्यांत अकरा भाग झाले. मुलांना वाढवताना छंद जोपासावेत असं सांगणाऱ्यांना मी मनापासून नमस्कार करते.

लखनौत मराठी मालिका पाहण्याचा एक मोठा फायदा म्हणजे मी नोकरी करते त्या बँकेत तिचा शेवट सांगणारं कोणी भेटत नाही. धोका बाहेरूनच येतो, असं मी धरून चालले होते.

उरलेले दोन भाग मला टीव्हीवर, सोफ्यावर, एका बैठकीत पाहायचे होते. एवढंच हवं होतं. म्हणून मी ते रीतसर यादीत घातलं. त्या शनिवारची यादी अशी होती: मलिहाबादहून दशहरी आंब्यांची एक पेटी, कूलरच्या जाळ्या बदलणे, गहू दळून आणणे, मालिका भाग बारा व तेरा (चार ते सहा).

शनिवारी दुपारी चिनहटच्या शाखेतून फोन आला, मॅडम, ज़रा आ जाइए. बँकेतलं ‘ज़रा’ किती लांब असतं ते मला ठाऊक आहे. मी निघाले आणि वाटेतून नवऱ्याला फोन केला.

“मला उशीर होईल. यादीतलं जमेल ते उरकून टाक.”

“काळजी करू नकोस,” तो म्हणाला. तो शास्त्रज्ञ आहे. त्याने काळजी करू नकोस म्हटलं, की मी करते. त्या दिवशी विसरले.

साडेसहाला घरी आले. आंबे नव्हते. कूलरमधून जुन्या जाळ्यांचा वास येत होता. गव्हाचा डबा दाराशी होता तिथेच होता. मी यादी पाहिली. एकाच कामापुढे खूण होती आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘दोन्ही भाग पाहिले. ठीक आहेत.’

“हे काय आहे?”

“जमेल ते उरक म्हणालीस ना? हे जमलं.”

“आणि आंबे?”

“ऊन फार होतं गं.”

नववीतली मुलगी सोफ्यावरून म्हणाली, “आई, पापा ने नोट्स भी बनाए हैं। पूरे दो पेज।” तिला मराठी सगळं कळतं. ती उत्तर हिंदीत देते आणि बाजू नेहमी बापाची घेते.

“अरे, मालिका मला बघायची होती.”

“मग यादीत कशाला घातलीस?” तो खरोखरच गोंधळला होता. “बरं, बस. पाच मिनिटांत सगळं सांगतो. तुझे दोन तास वाचतील.”

वीस वर्षं मी या माणसाला वेळ वाचवायला शिकवत होते. विद्यार्थी तयार झाला होता.

“एक शब्द बोलायचा नाही.”

“निदान एवढं तर ऐक. तुझा त्या पोस्टमास्तरवर संशय होता ना, तर—”

“चूप!”

“पापा, चुप,” मुलगीही म्हणाली. तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळलं.

आता पोस्टमास्तर होता की नव्हता? ‘तर’च्या पुढे काहीही असू शकतं. पण हे दोघं घरात असेपर्यंत दर दृश्याला एकमेकांकडे बघणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी गाडीची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.

“जुन्या शहरात, चौकात जा. कबाब-पराठे घेऊन या. गाडी लांब लावा, गल्लीतून चालत जा, रांगेत उभे राहा. दोन तासांच्या आत दिसलात तर दार उघडणार नाही.”

“ऑनलाइन मँगा लेते हैं ना?” मुलगी म्हणाली.

“नाही.”

ते गेले. मी पाय वर घेतले, आवाज वाढवला. बारावा भाग सलग पाहिला. हॉर्न नाही, शिट्टी नाही, पोलीस चक्क ऐकू येत होते. तेरावा सुरू झाला. इन्स्पेक्टर शाळेच्या मागे निघाला आणि फोन वाजला.

“रांग मोठी आहे,” नवरा म्हणाला. “तुझं कुठवर आलं? विहिरीपर्यंत?”

“कोणती विहीर?”

पलीकडे चौकातला गलका ऐकू आला. त्यात मुलीचा आवाज, “पापा, यार!”

“काही नाही,” तो म्हणाला. “पराठे किती घेऊ?”

मी फोन बंद केला आणि विहिरीची वाट पाहत बसले.