पुठ्ठ्याचा आडोसा

आमच्या घराला दारं पुष्कळ, पण आतून कडी लागते ती फक्त न्हाणीला. लग्न होऊन आले तेव्हापासून माणसांतच बसले, माणसांतच निजले. रडायचं झालं तरी चुलीच्या धुराचं निमित्त लागायचं बाप्पा. म्हणून मला मतदानाचा दिवस आवडायचा. शाळेच्या खोलीत तो पुठ्ठ्याचा आडोसा असतो ना, त्याच्यामागे कोणीच नसतं. सासरे निघताना निशाणी सांगायचे, पुढे मालक सांगू लागले. मी हाव म्हणायची, आत जाऊन माझ्या मनातल्या निशाणीवर शिक्का मारायची, शाई पसरू नये म्हणून घडी नीट घालायची आणि बाहेर यायची.

"बरोबर मारला ना व?" मालक विचारत.

"तुम्ही सांगतलं तिथंच."

आणि घरापर्यंत पदराआड हसू दाबत यायची. पुढे शिक्का गेला, बटण आलं. आडोसा तेवढा राहिला.

मागच्या निवडणुकीआधी गुडघे बसले. पोरानं कागद पुढे केला. "आई, इथं सही कर. म्हाताऱ्या माणसाचं मत आता सरकार घरी येऊन घेते. उनात काऊन जा लागते तुले?" मायेनं बोलला, मी सही केली. तो गावात एका उमेदवाराचं काम करतो, सगळ्यांना ठाऊक आहे. कागद गेल्यावर सून म्हणाली, "आता शाळेत नाही देता येत बरं आत्याबाई, घरीच."

मग ते लोक आले. साहेब, एक बाई, पोलीस आणि शूटिंग घेणारा. माझ्या बाजेपुढे स्टूल, स्टुलावर पुठ्ठा. साहेबांनी घरच्यांना बाहेर काढलं. "निवांत द्या आजी." पुठ्ठ्यानं समोर झाकलं, बाजू झाकल्या. पण माझ्या पाठीशी खिडकी. कूलर बसवायचा म्हणून तिची झडप काढून ठेवलेली. पोरगा अंगणातून फिरून तिथंच उभा.

"आई, वरून दुसरं."

मी म्हटलं, "साहेब, हे सारं न्हाणीत नेता येईन का? तिथं कडी आहे."

सगळे हसले. "न्हाणीत मतदान? आजी, शूटिंगमध्ये काय दिसेल?"

"कडी दिसन."

बाई मात्र हसली नाही. तिनं पोराला खिडकीतून हटवलं. तो भिंतीआड सरकला, आवाज तिथंच राहिला. "मी इथंच आहो, आई."

मग सासऱ्यांपुढे ओढायची तसा मी पदर पुढे ओढला आणि मताचा कागद आत घेतला. आत अंधार, चष्म्यावर माझीच वाफ. पेनानं खूण केली. माझ्या मनातल्या निशाणीपुढे पडली, रेघेवर पडली की वरून दुसऱ्यालाच पडली, दिसलं नाही. तेवढ्यात साहेबांनी लिफाफा पुढे धरला. चिकटवला, पेटीत टाकला.

ते गेल्यावर पोरगा आला. "कोणाले देलं?"

"तू सांगतलं त्यालेच."

खूश झाला. चहा स्वतः आणून दिला. मला मात्र हसू आलं नाही. आधी मी खोटं बोलायची. या खेपेला खोटं बोलले की खरं, माझं मलाच माहीत नाही.

आता पुन्हा निवडणूक आलीय. परवा त्यानं तोच सहीचा कागद आणला.

"मले शाळेत ने," मी म्हटलं.

"कोन उचलन तुले?"

"खुर्चीत बसवा, दोघं धरा. वरातीत नाही का नाचत खांद्यावर घेऊन?"

"अन् लोक काय म्हणतीन? माय चालत नाही अन् पोरगं उनात ओढून राह्यलं."

कागद उशाशी ठेवून गेला. वर पेन ठेवलाय. अजून सही केली नाही मी. पण दुपारची गोळी त्याच्याच हातून घ्यायची असते, पाणीही तोच देतो. गोळी गिळून होईपर्यंत तो उभा राहतो, आणि नजर त्याची कागदावर असते.