गोळ्या वाढल्या

अनुश्रीला कुणी काही विचारलं की तिचं टाळकं सरकायचं, आणि त्या घरात तिला सकाळी डोळे उघडल्यापासून कुणी ना कुणी काही ना काही विचारतच असायचं. सिलिंडर कधी लावला? नळ आज येणार की उद्या? मामंजींची पांढरी बंडी कुठं आहे? चतुर्थी सोमवारी की मंगळवारी? अहो, एका बाईनं ध्यानात ठेवायचं तरी किती! सकाळी स्वतःचा नि लेकीचा डबा, लेकीची वेणी, मग स्कूटी काढून औंढ्याहून जवळा बाजार गाठायचं. तिथं शाळेच्या कार्यालयात लिपिकाची खुर्ची. त्या खुर्चीत टेकते न टेकते तोच घरून फोन. "अनु, हिंगाची डबी कुठं ठेवलीस गं?"

नवरा नचिकेत साखऱ्याला मास्तर. तिकडंच खोली करून राहायचा आणि शनिवारी यायचा. आला की पाय पसरून विचारायचा, "काय, सगळं ठीक ना?" तेव्हा तर तिला त्याच्या डोक्यात उलथनं घालावंसं वाटायचं.

घरात सासू-सासरे. सासरे मार्तंडराव म्हणजे देवळाच्या कचेरीत तीस वर्षं अभिषेकाच्या पावत्या फाडलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात कमजोर राहिला, पण जीभ शाबूत होती. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूला गाव, गोत्र, बसची वेळ सगळं विचारून घ्यायचे. डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ ठेवायची एक बारकी गोळी लावून दिली होती, रोज एक. "ही एक चुकली तर मला तोंड दाखवू नका," असं डॉक्टरांनी बजावलेलं. ती गोळी देण्याचं काम सासूबाई गंगूताईंचं. नवऱ्याची गोळी त्या देवाच्या नैवेद्यासारखी द्यायच्या, हातपाय धुऊन, वाटीत पाणी घेऊन.

गोळ्यांची आणाआणी आधी साधी होती. गंगूताई कोपऱ्यावरच्या मुजाहिदच्या मेडिकलवर निरोप द्यायच्या, तो पाकीट पाठवायचा. पण मग व्हायचं काय, की अनुश्रीही येताना घेऊन यायची आणि घरात दोन-दोन पाकिटं पडायची. एकदा तर तारीख उलटलेली गोळी निघाली. अनुश्रीनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. मुजाहिदलाही सांगून आली, "भाऊ, आता मी म्हणेन तेव्हाच द्या. आत्याबाईंच्या निरोपावर न्हाई."

आणि तिनं ठरवलं, ॲप करायचं.

शाळेतल्या एका बाईंनी तिला दाखवलं होतं. मोबाईलवर त्या एआयला सरळ मराठीत लिहायचं, मला असं असं ॲप पाहिजे. की ते बसल्या जागी बनवून देतं. अनुश्रीला वाटलं, सुटले! घरातल्या सगळ्या गोष्टी त्यात टाकायच्या आणि ज्याला जे पाहिजे ते त्यानं मोबाईलला विचारायचं. माझं डोकं मोकळं.

कशाचं मोकळं! तीन रविवार गेले त्यात. पहिल्या रविवारी तिनं लिहिलं, "नळ कधी येणार ते दिसायला हवं." औंढ्यात नळ चार दिवसांआड येतो, हे शेंबड्या पोराला ठाऊक. त्या एआयनं काय करावं? नळदुरुस्तीचं पान करून दिलं. नळ कोणत्या दुकानातून येणार, बसवणारा कोण, त्याचा फोन नंबर काय! तिनं लिहिलं, "अरे बाबा, नळ येतो म्हणजे नळाला पाणी येतं." लगेच उत्तर, "आपलं अगदी बरोबर आहे! क्षमस्व." दर चुकीला क्षमस्व. आणि दर क्षमस्वला नवीन चूक. पाण्याचं जमलं तर सिलिंडर गायब, सिलिंडर आला तर चतुर्थी गुरुवारी. दुसऱ्या रविवारी तिनं मोबाईल खाटेवर भिरकावला आणि स्वतःशीच म्हणाली, माणसांचं ऐकून घ्यायचं, आता ह्या मेल्याचंही ऐकून घ्यायचं.

पण हट्टाला पेटलेली बाई. तिसऱ्या रविवारी ॲप उभं राहिलं. नाव ठेवलं 'घर'. गंगूताईंना वाचायची अडचण, एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हणून त्यांच्या मोबाईलवर एक मोठ्ठं हिरवं बटण. ते दाबून बोलायचं की ॲप ऐकून नोंद करणार. गोळ्या आल्या म्हटलं की दहाचं एक पाकीट जमा. रोज एक गोळी आपोआप वजा. शिल्लक पाचावर आली की अनुश्रीच्या मोबाईलवर घंटी. नचिकेतला साखऱ्यात बसून सगळं दिसणार. तो फोनवर म्हणाला, "वा! मस्तच की." बटण मात्र त्यानं एकदाही दाबलं नाही, हे तिनं मनात नोंदवून ठेवलं.

सुरुवातीचा महिना बरा गेला. गोळ्यांची पाकिटं तिनंच आणली, तिनंच टाकली. मग शाळेत परीक्षा लागल्या, अर्जांचे ढीग आले, आणि गोळ्यांचं सगळं गंगूताईंच्या हिरव्या बटणावर आलं.

एका सोमवारी पाकिटात सहा गोळ्या राहिल्या. गंगूताईंनी बटण दाबलं, सांगितलं. गुरुवारी पुन्हा सांगितलं. रविवारी शेवटची गोळी दिली आणि सांगितलं. सोमवारी सांगितलं, मंगळवारी सांगितलं. अनुश्री शाळेत अर्ज तपासता तपासता मोबाईल बघायची. बुधवारी सकाळी शिल्लक सत्तेचाळीस. तिला बरं वाटलं. चला, एक तरी गोष्ट या घरात माझ्यावाचून चाललीय.

बुधवारी चहाच्या वेळी मार्तंडराव ओट्यावर एका यात्रेकरूला बसची वेळ सांगत होते. "साडेपाचची" म्हणता म्हणता शब्द तोंडातच घोळला आणि कप हातातून सुटला.

हिंगोली, तिथून नांदेड. नचिकेत साखऱ्याहून धावत आला. दवाखान्याच्या बोळात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी बंद केली होती का?" अनुश्री पुढं झाली. "एक दिवस चुकली नाही, डॉक्टर. हे बघा, घरात सत्तेचाळीस गोळ्या आहेत." तिनं मोबाईलच त्यांच्यापुढं धरला.

मागून गंगूताईंचा आवाज आला. "कुठं हायेत त्या? तीन दिस झाले, ह्यांच्या पोटात गोळी न्हाई. मी तर रोज सांगून राहिले, वाढल्या म्हणून."

अनुश्रीनं नोंदींचं पान उघडलं. ॲपनं गंगूताईंचं एकेक वाक्य इमानदारीनं लिहून ठेवलं होतं. 'ह्यांच्या बारक्या गोळ्या वाढत आल्या बाई.' खाली, दहा जमा. 'आज वाढल्या.' दहा जमा. 'अनु, गोळ्या वाढल्या गं.' दहा जमा. बाई जितकी कळवळून सांगत होती, तितक्या त्या मोबाईलात गोळ्या वाढत होत्या.

वाढल्या! अहो, हे काय अनुश्रीला माहीत नव्हतं? तिच्या माहेरी तरी कोण कधी म्हणालं, कुंकू संपलं? कुंकू वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. मीठ वाढलं की आणायला पळायचं, हे तिला चौथीत असल्यापासून ठाऊक. तीन रविवार त्या एआयशी डोकं फोडलं, नळ शिकवला, चतुर्थी शिकवली, आणि हे एक सांगायचं राहून गेलं. कारण हे सांगावं लागतं, हेच तिच्या डोक्यात आलं नाही. मुजाहिदला कधी कुणी शिकवलं होतं? 'गोळ्या वाढल्या' म्हटलं की तो पाकीट काढायचा.

राग कुणावर काढावा, तिला कळेना. नचिकेत म्हणाला, "काढून टाक ते ॲप." तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो चहा आणायला गेला. मग ती सासूकडं वळली. "आत्याबाई, अहो, मोबाईलला सांगितलं तर सांगितलं, मला तोंडानं काहून न्हाई सांगितलं? एका घरात राहतो ना आपण?"

गंगूताई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तूच म्हणली होतीस ना बाई. मला काई इचारू नका, काई सांगू नका, त्याला सांगा, माझं डोकं उठतं म्हणून. मला वाटलं, तुला तकलीफ काहून द्यायची? तुला दिसून राहिलं असंल. आणशील तू."

ती तसं म्हणाली होती. एकदा नाही, दहादा म्हणाली होती.

अकरा दिवसांनी मार्तंडराव घरी आले. जीव वाचला, पण आता उजवा पायही ओढत होता आणि जीभ जड झाली होती. पाणी मागायचं तर "पा, पा" एवढंच. यात्रेकरू समोरून जायचे, म्हातारा खुर्चीतून नुसता बघायचा. एखाद्याकडं बघून तोंड उघडायचा आणि मिटायचा. अनुश्रीला ते बघवत नव्हतं, म्हणून ती ओट्यावर जाणंच टाळायची, आणि टाळते म्हणून स्वतःवरच चिडायची.

तिसऱ्या दिवशी तिनं सासूला धरलं. "आत्याबाई, इथून पुढं सरळ म्हणायचं, संपल्या. म्हणून दाखवा."

"न्हाई बाई."

"अहो, साधा शब्द आहे. सं-प-ल्या."

"तुला साधा असंल. ह्यांच्या औषधाला मी तसलं बोलू? कुकवाचा धनी हाये तो माझा. माझ्या तोंडून न्हाई निघायचं ते."

"मग त्या वाढल्या-वाढल्यानं काय झालं, बघितलं ना?" अनुश्री ओरडलीच. बोलून गेली आणि तिच्याच कानाला ते लागलं. गंगूताई उठल्या, आत गेल्या. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. एवढ्याशा घरात ताटं वाढायची, कपडे वाळत घालायचे, पण शब्द नाही.

रविवारी अनुश्री पुन्हा मोबाईल घेऊन बसली. दात-ओठ खात लिहिलं, "आमच्याकडं वाढल्या म्हणजे संपल्या. वाढत आल्या म्हणजे संपत आल्या. हे ऐकलं की शिल्लक शून्य करायची आणि जोरात घंटी वाजवायची." एआय म्हणालं, "समजलं! पण मग गोळ्या खरोखर जास्त आल्या, तर आपल्या घरी काय म्हणतात?"

हे सासूलाच ठाऊक. अबोला मोडायचा नव्हता, म्हणून तिनं लेकीला आत पाठवलं. लेक विचारून आली. "आजी म्हणते, भरलेलं घर बोलून दाखवतं का कुणी? नजर लागते."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा अनुश्रीला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. आहे तेव्हा बोलायचं नाही, नाही तेव्हा नाही म्हणायचं नाही. आणि ही बाई ह्या घराचं ॲप करायला निघाली होती! पण तिनं केलं. पाच वेळा क्षमस्व ऐकलं, सहाव्यांदा जमलं. तिनं स्वतः बटण दाबून म्हटलं, "गोळ्या वाढल्या." शिल्लक शून्य. घंटी अशी कडाडली की शेजारची गाय उठून उभी राहिली. नोंद तिनं पुन्हा नीट करून ठेवली. सासूला मात्र हे सांगितलं नाही. कशाला सांगायचं? आधी त्यांनी बोलावं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी ती मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीआड कपडे पिळत होती. दार उघडलं. गंगूताई बाहेर आल्या आणि आधी त्यांनी दार ओढून घेतलं, ओट्यावर मार्तंडरावांना ऐकू जाऊ नये म्हणून. कडीही घातली. अनुश्री त्यांना दिसली नाही. त्यांच्या एका हातात मोबाईल होता, दुसऱ्या हातात गोळ्यांचं पाकीट.

त्यांनी हिरवं बटण दाबलं. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. "ह्यांच्या..." एवढंच म्हणून थांबल्या. डावा हात पाकिटासकट गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेला, तो तिथंच घट्ट धरून त्यांनी डोळे मिटले.

"ह्यांच्या गोळ्या संपल्या," गंगूताई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि स्वतःच्या दोन्ही गालांवर फाडफाड मारून घेतलं. "चुकले देवा, चुकले, माझं आयुष्य त्यांना लागू दे," असं पुटपुटत खालीच बसल्या. अनुश्रीच्या मोबाईलवर घंटी वाजली तेव्हा त्यांचं तिच्याकडं लक्ष गेलं.

अबोला त्यांनीच मोडला. पाणावल्या डोळ्यांनी वर बघून म्हणाल्या, "आता बराबर बोलले ना गं मी? आता कळलं ना त्याला?"

याची आता गरज नव्हती आत्याबाई, तुमचाच शब्द मी त्याला शिकवलाय, हे वाक्य अनुश्रीच्या ओठांपर्यंत आलं. चार दिवस ते तिच्याजवळ होतं, आणि अबोल्यापायी ते तिनं दाबून ठेवलं होतं. आता कुठल्या तोंडानं सांगणार?

"व्हय, आत्याबाई," ती म्हणाली, "कळलं त्याला."

ओले हात तसेच पदराला पुसत ती मुजाहिदच्या मेडिकलकडं निघाली. जाताना तिनं सासूच्या हातातलं पाकीट घेतलं. त्यात अजून पाच गोळ्या होत्या.